फोकसचा हिशेब कुठे चुकतो?

मोत्यांच्या नथीचा जवळून फोटो काढायला बसलं, की पहिल्या काही मिनिटांतच एक अडचण समोर येते. पुढचा टपोरा मोती लख्ख दिसत असतो तेव्हा मागची सोन्याची तार धुरकट असते. फोकस तारेवर नेला, की मोती विरघळल्यासारखा दिसू लागतो. मधल्या लाल खड्यावर ठेवला तर खडा तेवढा चांगला, बाकी पुढचं-मागचं दोन्ही अर्धंमुर्धं. लेन्स कितीही महागाची लावली तरी यातून सुटका नाही, कारण दोष लेन्सचा नसतोच. वस्तू जितकी जवळ आणि प्रतिमा जितकी मोठी, तितका फोकसमध्ये मावणारा थर पातळ होत जातो.

हा थर किती पातळ, ते आकड्यांत पाहिलेलं बरं. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरवर नथ तिच्या खऱ्या आकाराच्या निम्मी उमटत असेल आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६ असेल, तर स्पष्ट दिसणारा थर साधारण २ मिलिमीटर जाडीचा असतो. नथ जरा तिरकी ठेवली तर पुढून मागे सहज २० मिलिमीटर भरते. प्रतिमा खऱ्या आकाराइतकी, म्हणजे १:१ हवी असेल तर एफ/८ लासुद्धा हाती लागतो तो जेमतेम १ मिलिमीटर.

मग अ‍ॅपर्चर आणखी बारीक का करू नये? करता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. १:१ ला लेन्सचं परिणामी अ‍ॅपर्चर दुपटीने बारीक होतं. एफ/१६ वर ठेवलेली लेन्स एफ/३२ सारखी वागते. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं विवर्तन होतं आणि फोटो सगळीकडे सारखाच, पण सगळीकडे थोडा थोडा मऊ येतो. मोत्यावरची बारीक चमक आणि तारेचे पीळ त्यात हरवतात.

यावरचा उपाय म्हणजे फोकस ब्रॅकेटिंग. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत जातो आणि दर वेळी फोकस किंचित मागे सरकवतो. पहिल्या फ्रेममध्ये मोत्याचा पुढचा भाग स्पष्ट, दहाव्या फ्रेममध्ये खडा, अठराव्या फ्रेममध्ये मागची तार. नंतर संगणकावर प्रत्येक फ्रेममधला स्पष्ट भाग तेवढा उचलून एक फोटो जोडला जातो. या दुसऱ्या कामाला स्टॅकिंग म्हणतात. ही दोन कामं वेगळी आहेत, हे अनेकांना कॅमेरा विकत घेताना कोणी सांगत नाही. म्हणून पहिली तक्रार ठरलेली असते: बटण दाबलं, शंभर फोटो निघाले, पण त्यातला एकही पूर्ण स्पष्ट नाही. कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलेलं असतं, जोडणी बाकी असते.

ही सोय सर्वसामान्य कॅमेऱ्यांत येऊन फार वर्षं झालेली नाहीत. ऑलिंपसने २०१५ च्या अखेरीस ई-एम१ या कॅमेऱ्याला नवं फर्मवेअर देऊन ती आणली, त्यात कॅमेऱ्यातच ८ फ्रेम जोडण्याचीही सोय होती. निकॉनच्या डी८५० मध्ये ती २०१७ साली ‘फोकस शिफ्ट’ या नावाने आली, कॅननच्या ईओएस आरपीमध्ये २०१९ साली, तर सोनीच्या चाहत्यांना २०२२ च्या ए७आर ५ पर्यंत थांबावं लागलं. त्याआधी सूक्ष्मदर्शकावर काम करणारे आणि कीटकांचे फोटो काढणारे लोक हेच काम स्क्रूच्या रेलवर कॅमेरा केसभर सरकवत हाताने करत असत. मंगळावर तर हे तंत्र सामान्य ग्राहकाच्या आधीच पोहोचलं. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या हाताच्या टोकाला माहली नावाचा कॅमेरा आहे. खडकांचे कण तो अगदी २ सेंटिमीटरवरून टिपू शकतो आणि वेगवेगळ्या फोकसच्या ८ पर्यंत फ्रेम तिथल्या तिथे जोडून एकच फोटो पृथ्वीकडे पाठवू शकतो. सगळ्या फ्रेम पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

या तंत्राने काय साधतं ते पाहायचं तर ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस याचं ‘मायक्रोस्कल्प्चर’ हे काम पाहावं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले कीटक घेऊन त्याने केलेलं हे प्रदर्शन २०१६ साली त्याच संग्रहालयात भरलं. एका कीटकाचे सुमारे ३० भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळी प्रकाशयोजना, दोन फ्रेममध्ये कॅमेरा अवघा १० मायक्रॉन पुढे, आणि एका अंतिम चित्रामागे ८ ते १० हजार फोटो. नखाएवढा किडा त्यात माणसापेक्षा मोठा दिसतो आणि त्याच्या पाठीवरचा प्रत्येक खळगा मोजता येतो.

घरच्या टेबलावर मात्र वीस-पंचवीस फ्रेमचं कामही फसतं. फसलं, की माणसं मेनूत शिरून दिसेल ते सेटिंग बदलत सुटतात, आणि मग मूळ चूक कोणती होती तेही कळेनासं होतं. त्याऐवजी काढलेल्या फ्रेम उघडून बसावं. घोडं कुठे पेंड खातंय ते त्या फ्रेममध्येच दिसतं. कॅमेरा या कामात आंधळा आहे. वस्तू कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्याला ठाऊक नसतं. जिथे फोकस ठेवला तिथून निघायचं, सांगितलेल्या टप्प्याने दूर जायचं, सांगितलेला आकडा भरला की थांबायचं, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे तपासाची सुरुवात पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमपासून करावी. पहिली फ्रेम पूर्ण मोठी करून पाहायची आणि विचारायचं, यात सगळ्यात स्पष्ट काय आहे? नथीचं अगदी पुढचं टोक स्पष्ट नसेल आणि त्याच्या मागचा मोती असेल, तर सुरुवातच उशिरा झाली. पुढचं टोक कोणत्याच फ्रेममध्ये आलेलं नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर ते टोक आता स्पष्ट करू शकत नाही.

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचं कारण ऑटोफोकस. बहुतेक कॅमेरे फोकस जवळून लांब नेतात, उलट्या दिशेला नाही. पण ऑटोफोकसला आवडतो तो ठळक कडांचा भाग, आणि नथीत तो असतो मध्ये, खड्याच्या कोंदणापाशी. काही कॅमेरे बटण अर्धं दाबलं, की पुन्हा स्वतःच फोकस शोधतात आणि हाताने नीट लावलेली सुरुवात पुसून टाकतात. म्हणून सुरुवातीचा बिंदू स्क्रीनवरचं चित्र मोठं करून ठरवावा, सगळ्यात पुढच्या टोकावर फोकस न्यावा आणि मग तो मुद्दाम किंचित आणखी अलीकडे घ्यावा. पहिल्या एक-दोन फ्रेममध्ये काहीच स्पष्ट नसेल तर उत्तम. त्या फेकून देता येतात. न काढलेली फ्रेम परत आणता येत नाही.

शेवटची फ्रेम दुसरी गोष्ट सांगते. मागची तार तिच्यात अजून स्पष्ट व्हायची असेल तर फ्रेम कमी पडल्या. तार केव्हाच मागे टाकून फोकस टेबलाच्या कापडावर पोहोचला असेल तर फ्रेम जास्त झाल्या, आणि त्याने काही बिघडत नाही. फ्रेमच्या आकड्याबाबत हात सैल ठेवावा हेच बरं. १०० फ्रेम मागितल्या आणि कॅमेरा ४२ वर थांबला, तर तो बिघडलेला नसतो. लेन्सचा फोकस अनंतापर्यंत पोहोचला, की बहुतेक कॅमेरे तिथेच मालिका संपवतात. मागितलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. मात्र शेवटच्या फ्रेममध्ये दूरची भिंत स्पष्ट नसताना कॅमेरा थांबला असेल, तर कार्ड भरलं आहे का, बॅटरी उतरली आहे का, हे पाहायला हवं.

पहिली आणि शेवटची फ्रेम ठीक आहे, पण जोडलेल्या फोटोत एक स्पष्ट पट्टा, एक धूसर पट्टा, पुन्हा एक स्पष्ट पट्टा अशी रांग दिसते? इथे टप्पा मोठा झाला आहे. शेजारच्या दोन फ्रेममधले स्पष्ट थर एकमेकांवर थोडे चढायला हवेत, साधारण एक तृतीयांश तरी. नथीच्या उदाहरणात थर २ मिलिमीटरचा, म्हणजे टप्पा १.३ मिलिमीटरच्या आसपास हवा, आणि २० मिलिमीटरसाठी १५-१६ फ्रेम पुरतात. पुढे-मागे काही जास्तीच्या धरून २०.

पण कॅमेऱ्याच्या मेनूत मिलिमीटर नसतात. तिथे १ ते १० असा आकडा असतो आणि त्याचा अर्थ लेन्सगणिक, अ‍ॅपर्चरगणिक आणि अंतरागणिक बदलतो. कॅननच्या कॅमेऱ्यांत तर अ‍ॅपर्चर बारीक केलं, की त्याच आकड्याला फोकसची उडी आपोआप मोठी होते. म्हणून दुसऱ्याने सांगितलेलं ‘स्टेप ३ ठेवा’ हे सूत्र आपल्या लेन्सला लागू पडेलच असं नाही. यासाठी घरातली फूटपट्टी पुरते. ती टेबलावर ४५ अंशांत तिरकी टेकवायची, नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या अ‍ॅपर्चरला, स्टेप ३ वर १० फ्रेम काढायच्या, आणि पहिल्या व दहाव्या फ्रेममध्ये पट्टीवरचा कोणता आकडा सगळ्यात स्पष्ट आहे ते पाहायचं. समजा फोकस १७ मिलिमीटर सरकला. पट्टी तिरकी असल्याने खोलीत ते अंतर ०.७ पटीने, म्हणजे १२ मिलिमीटर भरतं. दहा फ्रेममध्ये नऊ टप्पे, म्हणून एक टप्पा १.३ मिलिमीटरचा. हीच चाचणी स्टेप १, ५ आणि ८ ला करून वहीत लिहून ठेवली, तर पुढच्या कामांतला अंदाजपंचे कारभार संपतो. अर्ध्या तासाचं हे काम कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मेनूतला पर्यायच फिका दिसतो, निवडता येत नाही, हीदेखील नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा लेन्सच्या बाजूचं बटण मॅन्युअल फोकसवर सरकलेलं असतं. फोकस कॅमेऱ्याला स्वतः हलवायचा असल्याने लेन्सची मोटर त्याच्या ताब्यात हवी. याच कारणाने जुन्या मॅन्युअल लेन्सवर ही सोय चालत नाही, आणि अ‍ॅडॅप्टरने जोडलेल्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या लेन्सवर कधी चालते, कधी नाही; अशा वेळी लेन्सचं फर्मवेअर ताजं आहे का ते पाहावं. एचडीआर, मल्टिपल एक्स्पोजर किंवा बल्ब चालू असलं तरी हा पर्याय बंद होतो.

उजेडाच्या भानगडी वेगळ्या. फ्रेम एकामागून एक भरभर पुढे सरकवून पाहिल्या आणि त्या कमी-जास्त उजळ दिसल्या, तर कॅमेरा दर फ्रेमला एक्स्पोजर नव्याने ठरवतो आहे. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स चारही हाताने पक्के केले, की हा प्रश्न मिटतो. एक्स्पोजर पक्कं करूनही फ्रेमवर आडवे काळपट पट्टे दिसत असतील तर संशयित एलईडी दिवा. ब्रॅकेटिंग करताना बरेच कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटर वापरतात, आणि ते सेन्सर एका झटक्यात न वाचता ओळीओळीने वाचतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ सेकंद असं ठेवलं, तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला पूर्ण चढउतार येतो आणि पट्टे निघून जातात. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी हेच आकडे १/१२० आणि १/६०, कारण तिथे वीज ६० हर्ट्झची. एलईडीला मंद-तेज करायची कळ असेल तर ती पूर्ण तेजावर ठेवावी. मंद केलेले अनेक दिवे खरं तर भराभर बंद-चालू होत असतात.

फ्लॅश वापरायचा असेल तर आधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक पाहावं, कारण काही मॉडेल ब्रॅकेटिंगमध्ये फ्लॅश चालूच देत नाहीत. जिथे चालतो तिथे दर तिसरी-चौथी फ्रेम काळी आली, तर फ्लॅशला पुन्हा चार्ज व्हायला वेळ मिळालेला नाही. दोन फ्रेममध्ये २-३ सेकंदांचं अंतर द्यावं आणि फ्लॅशची ताकद पाव किंवा त्याहून कमी ठेवावी.

हालचाल ओळखायला सोपी असते, पण तिचं कारण शोधायला वेळ लागतो. जोडलेल्या फोटोत तारेच्या कडा दुहेरी दिसतात. ट्रायपॉड भक्कम असतो, टायमर लावलेला असतो, तरीही. अशा वेळी वर पाहावं. छताचा पंखा चालू असतो आणि नथीखालचं रेशमी कापड, किंवा नथच जर दोऱ्याने टांगली असेल तर ती, सावकाश डोलत असते. नुसत्या डोळ्यांना हे डोलणं दिसत नाही; १:२ च्या प्रतिमेत ते स्पष्ट उमटतं. पंखा बंद करून, नथ मेणाच्या किंवा चिकटमातीच्या गोळीवर टेकवून ठेवली की फरक लगेच कळतो. वाड्यांच्या किंवा जुन्या घरांच्या लाकडी तक्तपोशीवर कोणी चाललं तरी टेबल हलतं. दोन फ्रेममधलं अंतर, म्हणजे इंटरव्हल, दोन सेकंद असेल तर मालिका संपेपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी थांबावं.

उरला प्रश्न जोडणीचा. फोटोशॉपमध्ये २००८ च्या सीएस४ पासून लेयर जुळवून मिसळण्याची सोय आहे आणि वीस-तीस फ्रेमला ती पुरते. त्याहून बारीक कामासाठी युक्रेनमधल्या खार्किवचं हेलिकॉन फोकस आणि अमेरिकेतलं झिरीन स्टॅकर ही दोन नावं जाणकारांच्या तोंडी असतात. झिरीनमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स केस, तारा, एकमेकांवरून जाणाऱ्या रेषा अचूक पकडते, पण दाणेदारपणा आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. डीमॅप रंग आणि गुळगुळीत पृष्ठभाग जसेच्या तसे ठेवते, पण कडांपाशी अडखळते. नथीसारख्या वस्तूत दोन्हींची गरज पडते: मोत्यांसाठी डीमॅप, तारेसाठी पीमॅक्स. अनुभवी माणसं दोन्ही चित्रं तयार करतात आणि एकातला चांगला भाग ब्रशने दुसऱ्यात उतरवतात. हे काम वेळखाऊ आहे, पण दागिन्याच्या फोटोत उरलेली खोट सोनाराच्या नजरेतून सुटत नाही.

मोत्याभोवती पांढुरकी प्रभा दिसत असेल तर तिचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये शोधू नये. मोत्यावर दिव्याचं प्रखर प्रतिबिंब पडलेलं असतं. फोकस मोत्यापासून दूर गेला, की तो ठिपका पसरून मोठी चकती होतो आणि शेजारच्या तारेवर चढतो. जोडणी करताना ती चकती पुसली जात नाही. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर ताणून धरला, प्रतिबिंब मऊ आणि पसरट केलं, की प्रभा निम्म्याहून कमी होते. चकाकणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत प्रकाशयोजना आधी आणि ब्रॅकेटिंग नंतर, हा क्रम पाळलेलाच बरा.

फोटोच्या कडेला ओढल्यासारख्या रेघा दिसतात त्याचं कारण वेगळं. फोकस सरकला, की बहुतेक लेन्समध्ये चित्राचा आकारही किंचित बदलतो, आणि सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम एका मापाच्या करताना कडेचा भाग अपुरा पडतो. फोटो काढतानाच चौकट थोडी सैल ठेवली तर नंतर कापायला जागा राहते. कॅमेऱ्यातच जोडणी करणाऱ्या मॉडेलमध्येही कडेचा भाग कापला जातो आणि तयार फोटो सहसा जेपेग मिळतो. म्हणून सुट्या रॉ फ्रेम जपून ठेवाव्यात.

टेबलावर जे साधतं ते उघड्या माळावर साधेलच असं नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात दवबिंदू ही इवलीशी कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट द्रवाचे थेंब असतात, आणि त्या थेंबांत आकाश दिसतं. ब्रॅकेटिंगसाठी याहून देखणा विषय सापडणं कठीण, आणि याहून अवघडही. सड्यावर वारा थांबत नाही, उंची जेमतेम वीतभर, आणि फुलं तुडवून ट्रायपॉड मांडणं हा तर गुन्हाच मानला पाहिजे. पूर्ण झाड स्पष्ट करायला ६० फ्रेम लागतील, आणि तेवढ्यात ते दहा वेळा हललेलं असेल. सॉफ्टवेअर हाताचं थोडं डगमगणं सांभाळून घेतं. देठाच्या मानाने पान वेगळं डोललं तर मात्र त्याच्या हातात काही राहत नाही.

म्हणून इथे फ्रेम वाढवण्याऐवजी खोली कमी करावी. वाटेच्या कडेलाच बसून, कॅमेरा पानाला समांतर धरावा, म्हणजे थेंबांची अख्खी रांग सेन्सरपासून जवळपास सारख्या अंतरावर येते. अ‍ॅपर्चर एफ/८, शटर वेगवान, आयएसओ वाढला तर वाढू द्यावा, इंटरव्हल शून्य. सेकंदाला १५-२० फ्रेम काढणाऱ्या नव्या कॅमेऱ्याला ८ फ्रेमसाठी अर्धा सेकंद पुरतो, आणि वाऱ्याच्या दोन झुळकांमध्ये तेवढी उसंत मिळते.